जानेवारीत जाऊन बघा: भूमध्य समुद्राकाठी कमी खर्चात राहायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं जोडपं, नवरा ६१ वर्षांचा, बायको ५८ची. मुलं मार्गी लागली आहेत. पेन्शन, एका फ्लॅटचं भाडं आणि ठेवींचं व्याज मिळून महिन्याला अडीच लाख रुपये येतात, शिवाय थोडी शिल्लक बाजूला आहे. भूमध्य समुद्राकाठी निदान चार-पाच वर्षं राहायचं दोघांच्या मनात आहे. कुठेही वाचलं तरी ग्रीस, दक्षिण इटली, तुर्कस्तान, अल्बानिया सगळंच ‘स्वस्त’ दिसतं. मग नेमकं कुठे जावं?

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. तुमच्या आकड्यांत बसणारी माझी पहिली निवड आग्नेय स्पेनमधलं अल्मेरिया. दुसरी सिसिलीतलं एखादं मध्यम गाव, पण उत्पन्नाची थोडी फेरमांडणी केली तरच. ग्रीस मला स्वतःला मनापासून आवडतं, पण आज तुमच्या कागदांवर ते बसत नाही. मी सतरा वर्षं स्पेनमध्ये आहे आणि भारतातून येणाऱ्या कुटुंबांची निवासाची कागदपत्रं करून देणं हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे पुढचं सगळं भारतीय पासपोर्ट डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे.

हे आधी सांगायचं कारण असं, की ‘स्वस्त शहरां’च्या बहुतेक याद्या जर्मन, ब्रिटिश किंवा अमेरिकन निवृत्तांसाठी लिहिलेल्या असतात. जर्मन माणसाला स्पेनमध्ये राहायला व्हिसा लागत नाही. अमेरिकन माणूस व्हिसाशिवाय तीन महिने येऊन घर शोधू शकतो. आपल्याला पाहुणा म्हणून यायलाही व्हिसा लागतो आणि तो मिळाला तरी शेंगेन देशांत (आपसांत सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात) मिळून कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. पूर्वी शिक्क्यांच्या गर्दीत एखादा आठवडा इकडेतिकडे झालेला चालून जायचा. ऑक्टोबर २०२५पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे जास्तीचा एक दिवसही दिसतो. म्हणून आपल्यासाठी प्रश्न उलट्या बाजूनं सुरू होतो. भाडं किती हे नंतर, राहायचा हक्क कशावर मिळतो हे आधी.

इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. राहायला लागणारे पैसे आणि परवान्यासाठी दाखवावे लागणारे पैसे हे दोन वेगळे आकडे आहेत. ग्रीसच्या कालामातात दोघांचं बऱ्यापैकी १,६०० युरोत भागेल. पण स्वतःच्या उत्पन्नावर राहणाऱ्यांसाठी जो परवाना आहे, त्याची अट २०२४पासून महिना २,००० वरून ३,५०० युरोवर गेली आणि जोडीदारासाठी त्यावर २० टक्के. म्हणजे तुम्हाला महिना ४,२०० युरो दाखवावे लागतील. हिशोबाला सोपं म्हणून युरो १०० रुपये धरा, प्रत्यक्षात तो थोडा वरच आहे. तुमचे अडीच लाख म्हणजे जेमतेम २,४००-२,५०० युरो.

स्पेनमध्ये ‘नोकरी-धंदा न करता राहणाऱ्यांचा’ व्हिसा आहे. त्याचा निकष इप्रेम नावाच्या सरकारी निर्देशांकावर ठरतो, जो सध्या महिना ६०० युरो आहे. अर्जदाराला त्याच्या चौपट, म्हणजे २,४००, आणि बरोबरच्या माणसामागे आणखी ६००. दोघांचे महिना ३,०००, वर्षाचे ३६,००० युरो. तुमचं वार्षिक उत्पन्न ३० लाख, म्हणजे तूट सहा-आठ लाखांची. ही तूट शिल्लकीतून भरून दाखवता येते, आणि तुमच्यासाठी स्पेनचा हाच मोठा फायदा आहे. फक्त लक्षात ठेवा, पहिला परवाना एका वर्षाचा असतो आणि नूतनीकरणाच्या वेळी पुढच्या पूर्ण मुदतीचे पैसे पुन्हा दाखवावे लागतात. तेव्हा ती शिल्लक पहिल्याच वर्षी फर्निचर आणि फिरण्यात उडवू नका.

इटलीचा निवासी व्हिसा वर्षाला सुमारे ३१,००० युरो मागतो, जोडीदारासाठी २० टक्के वर. आकडा स्पेनच्या जवळपास वाटतो, पण तिथे बँकेतल्या शिल्लकीला फारशी किंमत नाही. पेन्शन, भाडं, वार्षिकी (एकरकमी पैसे गुंतवून नियमित मिळणारी ठरावीक रक्कम) असं काम न करता नियमित येणारं उत्पन्न हवं. म्हणून मी ‘फेरमांडणी’ म्हटलं. काही ठेवी मोडून वार्षिकी घेतली तर तुमची बाजू सुधारते. पण केवळ व्हिसासाठी आयुष्यभराची ठेव वार्षिकीत अडकवायला मी कुणाला सहसा सांगत नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणी गोव्याचे असतील तर त्यांच्यासाठी इथे एक वेगळी वाट आहे. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना, पोर्तुगालमध्ये नोंदी पुऱ्या करून, पोर्तुगीज नागरिकत्वावर दावा करता येतो. ते मिळालं की वरचे उत्पन्नाचे डोंगर जवळजवळ उरत नाहीत. युरोपीय संघाचा नागरिक म्हणून स्पेन, इटली, ग्रीस कुठेही राहता येतं. तीन महिन्यांनंतर पुरेसे पैसे आणि आरोग्य विमा दाखवून नोंदणी करायची, एवढंच, आणि ते ‘पुरेसे’ खूपच कमी असतात. किंमत मात्र मोठी आहे. भारताचं नागरिकत्व जातं, पासपोर्ट परत करावा लागतो आणि मायदेशात ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या) यावं लागतं. शेतजमीन असलेल्या घरांनी हा निर्णय एका संध्याकाळच्या चर्चेत घेऊ नये. ओसीआयधारकाला वारसाहक्कानं आलेली शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही.

आता गावाबद्दल. मी प्रत्येकाला एकच परीक्षा सांगते: जानेवारीत जा. दहा दिवस भाड्यानं घर घ्या, हॉटेल नको. भूमध्य समुद्राचं हवामान आपल्या उलट चालतं. उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो आणि पाऊस हिवाळ्यात पडतो. मे-जूनमध्ये जे गाव स्वर्गासारखं दिसतं, त्यातली अर्धी गावं नोव्हेंबरात शटर ओढून घेतात. ठाण्याचं एक जोडपं एका ग्रीक बेटावर सप्टेंबरात राहायला गेलं. भाडं ४०० युरो, खिडकीतून समुद्र, मालकीण प्रेमळ. डिसेंबरात बोटीच्या फेऱ्या कमी झाल्या, वाऱ्यामुळे उरलेल्याही रद्द होऊ लागल्या, गावातलं औषधाचं दुकान आठवड्यातून काहीच दिवस उघडू लागलं. काकांना दाताचं दुखणं उपटलं आणि चार दिवस नुसत्या गोळ्यांवर काढावे लागले. एप्रिलमध्ये मालकिणीनं तेवढ्याच प्रेमानं सांगितलं, की मे ते सप्टेंबर घर पर्यटकांना द्यायचं असतं, तुम्ही ऑक्टोबरात परत या. ४०० युरोचं रहस्य तेच होतं.

म्हणून जानेवारीत बघायचं काय, तर सकाळी साडेआठला रस्त्यावर शाळेची मुलं दिसतात का. आठवडी बाजार भरतो का आणि त्यात विकत घेणारे गावातलेच आहेत का. शहरात मोठं सरकारी रुग्णालय आहे का आणि तिथवर बस जाते का. जे गाव स्वतःच्या कामधंद्यावर जगतं, तिथे बाराही महिने दुकानं उघडी असतात आणि घरमालकाला बारमाही भाडेकरू हवा असतो.

अल्मेरिया अशा अर्थानं बारमाही आहे. सुमारे दोन लाखांचं शहर, बंदर, विद्यापीठ, तोररेकार्देनास हे विद्यापीठाशी जोडलेलं सरकारी रुग्णालय, विमानतळ. आजूबाजूला हजारो हेक्टरांवर पसरलेली प्लॅस्टिकची हरितगृहं, ज्यांतली मिरची, टोमॅटो, वांगी, काकडी सगळ्या युरोपात जाते. पर्यटक या प्लॅस्टिकला नाकं मुरडतात आणि मालागाला जातात. भाडं आटोक्यात राहण्याचं ते एक कारण आहे. हरितगृहांत मोरोक्को आणि पश्चिम आफ्रिकेतून आलेले लोक काम करतात, त्यामुळे त्यांच्या दुकानांत कोथिंबिरीच्या जुड्या, मेथीदाणे, भेंडी, हरभऱ्याचं पीठ, जिरं-धणे रास्त दरात मिळतं. वर्षाला पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर. सांधेदुखीवाल्यांना हवा मानवते, हिरवाईची सवय असलेल्यांना डोंगर उघडेबोडके वाटतात. नाशिकच्या पावसाळ्याची आठवण येईल, हे मी गृहीतच धरते.

माझ्या पाहण्यात, मध्यवस्तीतलं दोन बेडरूमचं साधं घर ६५० ते ७५० युरोला मिळतं. वीज, पाणी, गॅस, इंटरनेट मिळून १५० धरा. किराणा-भाजी घरी शिजवणाऱ्या दोघांना ३५०-४००. तुमच्या वयाला दोघांचा खासगी आरोग्य विमा दोनशे ते अडीचशे. बस, कपडे, कधीतरी बाहेर जेवण धरून १,७००-१,८०० युरोत नीट भागतं. अलिकांते याहून महाग, व्हॅलेन्सिया त्याहून महाग, मालागाचं नाव तर या बजेटमध्ये काढूच नका.

घर घेताना दोन गोष्टींत महाराष्ट्रातली माणसं हमखास फसतात. पहिली म्हणजे अकरा महिन्यांचा करार. आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचंच असतं, त्यामुळे इथेही अकरा महिन्यांचा कागद पुढे आला की आपण निःशंक सही करतो. स्पेनमध्ये तो ‘हंगामी’ करार ठरतो. कायमच्या राहण्यासाठी केलेल्या करारात भाडेकरूला पाच वर्षं राहायचा हक्क मिळतो (मालक कंपनी असेल तर सात), आणि मधल्या भाडेवाढीवर बंधन असतं. अकरा महिन्यांच्या कागदावर सही केली की हे संरक्षण मिळवायला भांडावं लागतं. कराराच्या पहिल्या ओळींत ‘नेहमीचं राहतं घर’ अशा अर्थाचे शब्द आहेत का, हे जाणकाराकडून वाचून घ्या. अनामत कायद्यानं एक महिन्याची, त्यावर आणखी दोन महिन्यांपर्यंत हमी मागता येते. पगारपत्रक नसल्यामुळे मालक ती मागणारच. पैसे तयार ठेवा, पण सहा महिन्यांचं भाडं एकदम रोखीत मागणाऱ्याकडे पाठ फिरवा.

दुसरी गोष्ट थंडी. ‘युरोपात असूनही थंडी नाही’ असं ऐकून लोक येतात आणि जानेवारीत घरात स्वेटर-मोजे घालून बसतात. बाहेर दुपारी सोळा-सतरा अंश असतात आणि आत रात्री तेरा. दक्षिण स्पेन, सिसिली, ग्रीसची जुनी घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत: संगमरवरी किंवा फरशीची जमीन, उत्तरेकडे खोल्या, मध्यवर्ती हीटिंग नाहीच किंवा असून सोसायटी चालवत नाही. अजूनही कित्येक घरांत ब्युटेनचं नारिंगी सिलिंडर बसवलेला चाकांचा हीटर असतो. तो दमटपणा वाढवतो आणि खिडकी किलकिली न ठेवता वापरला तर जीव घेऊ शकतो. बैठकीची खोली दक्षिणेकडे असलेलं घर पन्नास युरो जास्त देऊनही घ्या. कपाटाच्या मागच्या भिंतीला हात लावून बघा. ओल असेल तर ताज्या रंगाखालीही ती हाताला कळते.

सिसिलीबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथे एक खरोखरची संधी आहे. इटलीनं २०१९ मध्ये दक्षिणेकडच्या ओस पडत चाललेल्या गावांसाठी योजना आणली. परदेशी पेन्शन घेणारा माणूस तिथल्या छोट्या नगरपालिकेत राहायला आला, तर त्याच्या परदेशातल्या सगळ्या उत्पन्नावर सरसकट ७ टक्के कर, दहा वर्षांपर्यंत. सुरुवातीची लोकसंख्येची मर्यादा २०,००० होती. सिसिली, कालाब्रिया, पुलिया, सार्डिनिया वगैरे प्रदेश यात येतात. तुमच्या अर्ध्या उत्पन्नाचा उगम भाडं आणि व्याज आहे, त्यामुळे ‘सगळ्या उत्पन्नावर’ हे शब्द महत्त्वाचे. ग्रीसचीही अशीच ७ टक्क्यांची योजना आहे, १५ वर्षांसाठी. पेन्शन सरकारी नोकरीचं असेल तर दुहेरी कर टाळण्यासाठी भारताबरोबर झालेल्या करारातलं त्यासाठीचं कलम वेगळं असतं. ते कर सल्लागाराकडून तपासून घेतल्याशिवाय या योजनेच्या भरवशावर घर बदलू नका.

एक युरोची घरं मात्र विसरा. मुस्सोमेली, सांबूका ही नावं तुम्ही वाचली असतील. ती गावं खरी आहेत, घरंही खरी आहेत, पण ती समुद्राकाठी नसून आत डोंगरावर आहेत. दोन-तीन वर्षांत दुरुस्ती पूर्ण करायची लेखी हमी आणि काही हजार युरोंची अनामत द्यावी लागते, छप्पर-नळ-वीज नव्यानं करताना खर्च चाळीस-पन्नास हजारांवर सहज जातो. आणि मुख्य म्हणजे घर विकत घेतल्यानं इटलीत राहायचा परवाना मिळत नाही. आपल्या वयात परक्या भाषेतल्या गवंड्यांशी दोन वर्षं वाद घालण्यापेक्षा सिराकूसा किंवा रागूसाच्या बाजूला गावात बारमाही भाड्याचं घर घ्यावं. इटलीचा नेहमीचा करार चार अधिक चार वर्षांचा असतो, तोही भाडेकरूच्या बाजूचा आहे.

सिसिलीत पाण्याची चौकशी केल्याशिवाय घर ठरवू नका. २०२४च्या दुष्काळात अग्रिजेंतो भागात नळाला पाणी कित्येक दिवसांनी यायचं आणि टँकर फिरत होते. गच्चीवर टाकी आहे का, किती लिटरची, हा प्रश्न आपल्याला नवा नाही, तिथेही तो विचारायचाच. ऑगस्ट २०२१ मध्ये सिराकूसाजवळ ४८.८ अंश तापमान नोंदलं गेलं, युरोपातला तो उच्चांक आहे. वरच्या मजल्यावरचं स्वस्त घर याचसाठी स्वस्त असतं.

जेवणाच्या बाबतीत मात्र सिसिली घरासारखी वाटेल. पालेर्मोत रस्त्यावर पानेल्ले मिळतात: हरभऱ्याचं पीठ घोटून, थापून, वड्या पाडून तळलेलं. पाटवडी खाल्लेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. पालेर्मोच्या बाल्लारो बाजारात बांगलादेशी दुकानदारांकडे कारलीसुद्धा दिसतात. ग्रीसमध्येही तेच. उन्हाळ्यात प्रत्येक खानावळीत ‘व्लीता’ नावाची उकडलेली पालेभाजी असते, तो आपला माठ. ‘ग्लिस्त्रीदा’ म्हणजे घोळ. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास वर्षात पुष्कळ असतात, त्यामुळे ‘निस्तीसिमा’, म्हणजे उपासाचं, एवढं म्हटलं की मांस, अंडं, दूध नसलेलं जेवण समोर येतं. समुद्रातली कवचवाली जनावरं त्यात चालतात, तेवढं विचारून घ्यावं. पुढे कधी तुमचं उत्पन्न ग्रीसच्या निकषात बसलं तर बेटं सोडून वोलोस किंवा कालामाता बघा. दोन्ही कामाची, बारमाही गावं आहेत.

अल्बानिया हा तुमच्यासाठी कायमचा पर्याय नाही, पण चाचणीचं वर्ष म्हणून विचार करण्यासारखा आहे. तो शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे तिथे घालवलेले दिवस ९० दिवसांत मोजले जात नाहीत, आणि उत्पन्नाची अट इटली-स्पेनपेक्षा बरीच खाली आहे. व्लोरा आणि दुर्रेस बारमाही आहेत, सारांदा हिवाळ्यात पेंगते. भाडी मात्र दरवर्षी चढताहेत, आणि गंभीर आजारात तिथली पैसेवाली माणसंही इटली किंवा तुर्कस्तान गाठतात. २६ नोव्हेंबर २०१९च्या भूकंपात दुर्रेस आणि आसपास ५१ माणसं गेली. नवी दिसणारी दहा मजली इमारत कुणी, कधी बांधली हे विचारायला लाजू नका.

तुर्कस्तान मी आज कुणालाही सुचवत नाही. देश सुंदर, माणसं आतिथ्यशील, रुग्णालयं उत्तम. पण २०२२पासून शेकडो मोहल्ले नव्या परदेशी रहिवाशांच्या नोंदणीसाठी बंद केले गेले, पर्यटक म्हणून मिळणारे निवास परवाने आणि त्यांची नूतनीकरणं नाकारली जाऊ लागली, आणि घर घेऊन परवाना हवा असेल तर ऑक्टोबर २०२३पासून किमान दोन लाख डॉलरचं घर लागतं. महागाईचा अधिकृत दर ऑक्टोबर २०२२ मध्ये ८५ टक्के होता. मेर्सिन एकेकाळी खरंच स्वस्त होतं. फेब्रुवारी २०२३च्या भूकंपानंतर हजारो कुटुंबं तिथे आली आणि भाडी कुठल्या कुठे गेली. माल्टात इंग्रजी चालतं, पण भाडं तुमचं निम्मं उत्पन्न खाईल. उत्तर सायप्रसमधले स्वस्त फ्लॅट कुणी दाखवले तर नको म्हणा. त्यातल्या पुष्कळ जमिनी १९७४ मध्ये विस्थापित झालेल्या ग्रीक सायप्रियट कुटुंबांच्या नावावर आहेत, आणि युरोपीय न्यायालयांनी त्यांच्या मालकीच्या बाजूनं निकाल दिलेले आहेत.

आरोग्याचं आता सांगते, कारण तुमच्या वयाला खरी घाई याचीच आहे. स्पेनच्या व्हिसासाठी तिथे अधिकृत असलेल्या कंपनीचा संपूर्ण विमा लागतो, ज्यात उपचाराच्या वेळी आपल्याला वाटा भरावा लागत नाही. सत्तर-पंचाहत्तरीनंतर नवा ग्राहक घ्यायला बहुतेक कंपन्या नकार देतात, आणि मधुमेह-रक्तदाबाची प्रश्नावली त्याआधीही अडवते. साठीच्या आत-बाहेर हे जमतं. प्रश्नावलीत काहीही लपवू नका. लपवलेला मधुमेह पुढे हृदयाच्या दुखण्यात बाहेर येतो आणि दावा फेटाळला जातो. एक वर्ष राहिल्यानंतर ‘विशेष करार’ करून सरकारी आरोग्यसेवेत जाता येतं. वयाच्या ६५पर्यंत माणशी महिना ६० युरो, नंतर १५७. त्यात औषधांची सवलत नसते, पण आधीच्या आजारांवरून नकारही नसतो. इटलीत सरकारी सेवेत स्वेच्छेनं नाव घालायला २०२४पासून वर्षाला किमान २,००० युरो पडतात. आणि भारतातला मेडिक्लेम बंद करू नका. तो बहुतेक बाहेर चालत नाही, पण परत आल्यावर पुन्हा नव्यानं प्रतीक्षा काळ सुरू होणं तुम्हाला परवडणार नाही.

पैशांची भारताकडची बाजू. वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की तुम्ही स्पेनचे करदाते, आणि स्पेन जगभरचं उत्पन्न मोजतो. भारतात भरलेल्या कराची वजावट करारानुसार मिळते, पण भारतात करमुक्त असलेलं तिथे करमुक्त नसतं. पीपीएफचं व्याज हे ठळक उदाहरण, त्यावर तिथे १९ टक्क्यांपासून कर लागतो. बँक खाती, गुंतवणूक, घर यांपैकी कुठल्याही गटात परदेशी मालमत्ता ५०,००० युरोंवर असेल तर वेगळं विवरणपत्र भरावं लागतं. नाशिकचा फ्लॅट त्या रकमेवर जात असेल तर तोही त्यात येईल. भारतात अनिवासी झालात की बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करून घ्यायचं. पेन्शन, भाडं, व्याज कर भरून तिथून बाहेर पाठवता येतं. तुमच्या भाडेकरूला मात्र आधी बसवून समजावा: मालक अनिवासी असेल तर भाड्यातून ३० टक्क्यांहून थोडा जास्त टीडीएस कापून भरायची जबाबदारी त्याची असते, आणि हे बहुतेक भाडेकरूंना माहीतच नसतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासींना खातं उघडता येत नाही, त्यामुळे नवऱ्याच्या नावानं काही करायचं असेल तर निघण्याआधी बँकेशी बोला. निवासी असताना पैसे पाठवलेत, तर वर्षाला दहा लाखांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर) कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात, म्हणून सुरुवातीची रक्कम दोघांच्या नावे आणि दोन आर्थिक वर्षांत विभागून पाठवा.

आणखी एक आकडा मनात ठेवा. दहा वर्षांपूर्वी युरो ७०-७५ रुपयांना होता. तुमचं उत्पन्न रुपयांत आहे आणि खर्च युरोत होणार आहे. आज १,८०० युरोत भागतंय म्हणजे पाच वर्षांनी तेवढ्याच रुपयांत भागेल असं नाही. म्हणूनच मी तुमच्या २,४०० मधले सहाशे मोकळे ठेवणारं गाव सुचवते आहे.

शेवटी कागद, कारण सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकतात. तुमच्या पिढीतल्या कित्येक जोडप्यांकडे लग्नाची पत्रिका आणि अल्बम असतो, पण विवाह नोंदणीचं प्रमाणपत्रच नसतं. ते आधी महापालिकेतून काढा, मग त्यावर अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का), मग स्पेननं मान्य केलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून स्पॅनिश भाषांतर. दुसरी अडचण नावांची. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, पॅनवर मधलं नाव नुसत्या अक्षरात, आणि बँकेत आडनाव आधी. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं, एक आईकडचं, आणि ती लग्नानं बदलत नाहीत. तुमचं मधलं नाव तिथला कारकून सरळ पहिलं आडनाव म्हणून लिहितो, आणि मग विम्यावर एक नाव, परवान्यावर दुसरं. जन्म आणि लग्नानंतरची नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून त्यालाही अपोस्टील घ्या, आणि पहिल्या अर्जात जे नाव जसं लिहिलंत तसंच पुढच्या प्रत्येक कागदावर लिहा. पोलिसांचा दाखला आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र मात्र सगळ्यात शेवटी काढा, मुंबईतल्या वकिलातीची तारीख हातात आल्यावर. त्यांची मुदत काही महिन्यांचीच धरली जाते, आणि अपोस्टील-भाषांतरात त्यातला महिना सहज जातो.